झाकली मूठ: वॉशिंग्टन नॅशनल्सचा २०१९ चा हंगाम

२३ मे २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर वॉशिंग्टन नॅशनल्स हा बेसबॉल संघ मेट्सकडून सलग चौथा सामना हरला. हंगामातले पन्नास सामने झाले होते आणि हिशेब होता १९ विजय, ३१ पराभव. आदल्या दिवशी मॅक्स शर्झरने सहा इनिंगमध्ये एकही धाव दिली नव्हती, संघ १-० ने पुढे होता, आणि शर्झर बाहेर गेल्यावर एकट्या आठव्या इनिंगमध्ये सहा धावा गेल्या. २३ तारखेलाही घात आठव्या इनिंगनेच केला: कार्लोस गोमेझचा तीन धावांचा होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारा फटका. सामन्यातले डावपेच ठरवणारा मॅनेजर डेव्ही मार्टिनेझ याची नोकरी जाणार, हे जवळजवळ सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला हाच संघ, याच मॅनेजरच्या हाताखाली, ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकला.

ही गोष्ट सहसा चिकाटीची म्हणून सांगितली जाते. हार न मानणारे म्हातारे खेळाडू, डगआउटमधले नाच, प्रेक्षकांच्या टाळ्या वगैरे. ते सगळं घडलं, त्यात खोटं काही नाही. पण चिकाटी इतर एकोणतीस संघांकडेही असते, आणि तिने हा प्रश्न सुटत नाही: मे महिन्यात ज्या दुखण्याने संघ हरत होता ते दुखणं सप्टेंबरअखेरही तसंच होतं, मग ऑक्टोबरमध्ये ते नडलं का नाही? माझं उत्तर असं की नॅशनल्सनी ते बरं केलंच नाही. ते झाकलं. झाकायला जे वापरलं ते महाग होतं, आणि त्याची किंमत पुढे कित्येक वर्षं मोजत राहावी लागली.

आधी खेळाचं गणित

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडं सांगावं लागेल. अमेरिकन मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळपास रोज एक. सामना नऊ इनिंगचा. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि एकदा बदलला की तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. सामना सुरू करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. तो शंभरच्या आसपास चेंडू टाकतो, पाच ते सात इनिंग काढतो, आणि मग चार दिवस हात थंड ठेवतो. म्हणून प्रत्येक संघाकडे पाच स्टार्टर लागतात. उरलेल्या इनिंग काढणारे सातआठ जण मैदानाच्या कडेला वेगळ्या जागी बसून वाट बघतात. त्या जागेला आणि त्या टोळीलाही बुलपेन म्हणतात.

पिचर मोजायचं मुख्य माप म्हणजे ईआरए: दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर किती धावा लागल्या. तीनच्या खाली असेल तर उत्तम, चार-साडेचार म्हणजे चालतंय, पाचाच्या वर म्हणजे चिंता. २०१९ मध्ये नॅशनल्सच्या बुलपेनचा ईआरए ५.६६ होता. तीस संघांत त्यांच्याहून वाईट फक्त बाल्टिमोर, आणि बाल्टिमोर त्या वर्षी १०८ सामने हरलं.

१६२ सामन्यांत बुलपेन लपवता येत नाही. रोज कुणीतरी यावंच लागतं. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, मात्र गणित बदलतं: मध्ये मध्ये सुट्टीचे दिवस असतात, चौथा-पाचवा स्टार्टर फारसा लागत नाही, आणि सामना हरला तर उद्यासाठी हात राखून ठेवण्याला काही अर्थ उरत नाही. घरातला वर्षभराचा रोजचा डबा आणि लग्नाची एक पंगत यांत जो फरक, तोच इथे. पंगतीला तीन पदार्थ अप्रतिम झाले की चौथ्याबद्दल कुणी विचारत नाही.

तीन हात, साडेबावन्न कोटी डॉलर

नॅशनल्सचा मूळ संघ माँट्रियलचा, एक्सपोज नावाचा. २००५ साली तो वॉशिंग्टनला आला. राजधानीत १९७१ नंतर मेजर लीगचा संघच नव्हता, आणि वर्ल्ड सिरीज तर तिथे १९२४ नंतर कुणी जिंकलेली नव्हती. नव्या संघाने सुरुवातीला भरपूर मार खाल्ला आणि त्याच्या जोरावर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, सलग दोन वर्षं पहिली निवड मिळवली: २००९ मध्ये स्टीफन स्ट्रासबर्ग हा पिचर, २०१० मध्ये ब्राइस हार्पर हा फलंदाज.

स्ट्रासबर्गच्या कोपरावर २०१० मध्येच शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये तो पूर्ण हंगाम खेळायला परतला तेव्हा संघबांधणी करणाऱ्या जनरल मॅनेजर माइक रिझोने आधीच जाहीर करून टाकलं की या हाताला मर्यादा आहे, ती आली की तो थांबेल. संघ त्या वर्षी ९८ सामने जिंकून सगळ्या लीगमध्ये पहिला होता. तरी सप्टेंबरमध्ये, १५९ इनिंग आणि एक बाद एवढ्यावर, स्ट्रासबर्गला खरंच बसवलं. प्लेऑफमध्ये सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध पाचव्या, निर्णायक सामन्यात नॅशनल्स ६-० ने पुढे होते. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद झाले तेव्हाही ७-५ अशी आघाडी होती. बुलपेनने चार धावा दिल्या आणि सामना ९-७ असा गेला.

त्यानंतर २०१४, २०१६, २०१७, तिन्ही वेळा तोच प्रकार: चांगला हंगाम आणि प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत हार. २०१७ मध्ये ९७ विजय मिळवून देणाऱ्या डस्टी बेकरला काढून टाकलं आणि मॅनेजर म्हणून कधीच काम न केलेल्या मार्टिनेझला आणलं. पहिल्या वर्षी त्याचा हिशेब ८२-८०. मग हार्परही गेला. नॅशनल्सनी त्याला देऊ केलेले दहा वर्षांचे ३० कोटी डॉलर त्याने नाकारले आणि फिलाडेल्फियाशी तेरा वर्षांचा, ३३ कोटींचा करार केला.

हार्पर जाणार हे दिसत असताना रिझोने डिसेंबर २०१८ मध्ये डावखुरा पिचर पॅट्रिक कॉर्बिनला सहा वर्षांसाठी १४ कोटी डॉलर दिले. शर्झरचा करार २१ कोटींचा होता, स्ट्रासबर्गचा साडेसतरा कोटींचा. म्हणजे तीन स्टार्टरच्या तीन हातांवर मिळून साडेबावन्न कोटी डॉलर. चौथा स्टार्टर अनीबाल सांचेझ, वय ३५, अनुभवी आणि स्वस्त.

बुलपेनसाठी काय उरलं? क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग काढणारा, शॉन डूलिटल चांगला होता. त्याच्या मदतीला ट्रेव्हर रोझेन्थालला घेतलं. तो कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभराहून अधिक काळाने परतत होता. पहिल्या चार सामन्यांत त्याला एकही फलंदाज बाद करता आला नाही. ईआरए काढायचा तर भागाकारात खाली शून्य येत होतं, म्हणून तो अनंत म्हणावा लागला. जूनमध्ये त्याला सोडून दिलं.

मे ते सप्टेंबर

१९-३१ हा आकडा बुलपेनमुळे वाईट दिसत होता हे खरं, पण तो फक्त बुलपेनचा नव्हता. शॉर्टस्टॉप ट्रे टर्नरचं बोट एप्रिलच्या सुरुवातीलाच मोडलं आणि तो मेच्या मध्यापर्यंत बाहेर होता. अँथनी रेंडोन, वीस वर्षांचा हुआन सोटो, रायन झिमरमन, सगळे या ना त्या दुखण्याने काही दिवस बसले. पिचिंग कोच डेरेक लिलिक्विस्टला २ मे रोजी काढलं आणि पॉल मेनहार्टला आणलं. म्हणजे संघ खरा जेवढा होता त्याहून वाईट दिसत होता, आणि रिझोची मोठी कामगिरी कोणती म्हणाल तर त्याने हे ओळखलं आणि मार्टिनेझला हात लावला नाही. काही न करणं हा निर्णयच असतो, पण त्याचं श्रेय सहसा मिळत नाही.

त्यानंतरचा हिशेब ७४-३८. रेंडोनने ३४ होमरन आणि .३१९ ची सरासरी काढली, १२६ धावा आणवून नॅशनल लीगमध्ये पहिला आला. सोटोनेही ३४ होमरन मारले. छत्तीस वर्षांचा हाउवी केंड्रिक, ज्याच्या टाचेची शीर वर्षभरापूर्वी तुटली होती, तो .३४४ ने खेळला. संघ लीगमध्ये वयाने सगळ्यात थोराड होता. सॅन फ्रान्सिस्कोने सोडून दिलेला हेरार्दो पारा मे महिन्यात आला, जूनमध्ये त्याच्या बॅटीला धावा लागेनात, तेव्हा त्याने मैदानात उतरताना वाजवायला लहान मुलीच्या आवडीचं शार्क माशाचं गाणं निवडलं. ऑक्टोबरपर्यंत चाळीस हजार प्रौढ माणसं त्या गाण्यावर दोन्ही हातांनी माशाचा जबडा करून दाखवत होती. अमेरिकेत या गाण्यावर बरंच लिहून आलं. मला त्यात करमणुकीपलीकडे फार काही सापडलेलं नाही.

शर्झरचं नाक मात्र सांगायला हवं. १८ जूनला सरावात बंट करताना चेंडू बॅटीला लागून त्याच्याच नाकावर आदळला आणि नाक मोडलं. दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन तो फिलाडेल्फियाविरुद्ध उतरला, सात इनिंग एकही धाव दिली नाही आणि दहा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू खेळूच न देता बाद केलं.

जुलैअखेरीस, खेळाडू बदलण्याच्या शेवटच्या दिवशी, रिझोने तीन रिलीव्हर, म्हणजे बुलपेनमधून मध्येच येणारे पिचर, आणले. रोएनिस एलियास पहिल्याच सामन्यात फलंदाजी करून धावताना मांडीचा स्नायू दुखावून बसला. हंटर स्ट्रिकलंडचा फारसा उपयोग झाला नाही. टोरंटोहून आलेला डॅनियल हडसन, कोपरावर दोन शस्त्रक्रिया झालेला, तोच काय तो लागू पडला: नॅशनल्सकडून त्याचा ईआरए १.४४. एका माणसाने बुलपेन सुधारत नाही. ३ सप्टेंबरचा सामना बघा. पुन्हा मेट्सच समोर. नवव्या इनिंगमध्ये बुलपेनने पाच धावा दिल्या आणि मेट्सची ५-४ ची आघाडी १०-४ झाली. मग नॅशनल्सच्या फलंदाजांनी सात धावा काढल्या, शेवटच्या तीन कर्ट सुझुकीच्या होमरनवर, आणि ११-१० ने जिंकले. हा सामना त्या हंगामाचा मानबिंदू म्हणून सांगतात. मला त्यात वरचा अर्धा भाग जास्त बोलका वाटतो. सप्टेंबर उजाडला तरी पाच धावा अशाच जात होत्या.

शेवटचे आठही सामने जिंकून संघ ९३-६९ वर थांबला. अटलांटा ९७ विजयांसह गटात पहिलं आलं. नॅशनल्सना वाइल्ड कार्ड मिळालं, म्हणजे एकच सामना: जिंका किंवा घरी जा. हार्परचं फिलाडेल्फिया ८१-८१ वर संपलं.

ऑक्टोबर

१ ऑक्टोबर, नॅशनल्स पार्क, समोर मिलवॉकी ब्रूअर्स. शर्झरने दोन इनिंगमध्ये दोन होमरन दिले, ०-३. टर्नरच्या होमरनने १-३. शर्झर पाच इनिंगनंतर बाहेर आला तेव्हा सहाव्या इनिंगसाठी कोण, हा प्रश्न होता. हंगामभर त्याचं उत्तर बुलपेनमधलं कुणीतरी असे. त्या रात्री बुलपेनच्या दारातून स्ट्रासबर्ग आला. मेजर लीगमध्ये तोवर तो कधीच रिलीव्हर म्हणून आलेला नव्हता. त्याने तीन इनिंग काढल्या आणि धाव दिली नाही.

आठव्या इनिंगमध्ये मिलवॉकीचा जोश हेडर, त्या वेळचा बहुधा सगळ्यात भीतिदायक रिलीव्हर, समोर होता. मायकेल टेलरच्या हाताला चेंडू लागला की बॅटीला, यावर रिव्ह्यू झाला आणि तो पहिल्या बेसवर, धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, राहिला. झिमरमनची बॅट मोडली आणि चेंडू मोकळ्या जागेत पडला. रेंडोनला वॉक मिळाला, म्हणजे चार चेंडू बाहेर पडल्याने फुकटचा बेस. दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, आणि सोटोने उजवीकडे मारलेला साधा सिंगल मिलवॉकीच्या नवख्या ट्रेंट ग्रिशमच्या हाताखालून निसटला. तीन धावा. ४-३. यात नशिबाचा वाटा किती होता हे वेगळं सांगायला नको.

पण पुढच्या मालिकेत दिसलं की स्ट्रासबर्गला मधूनच आणणं हा एका रात्रीचा घायकुतीला येऊन केलेला उपाय नव्हता. लॉस एंजेलिस डॉजर्स १०६ सामने जिंकून आले होते. पहिला सामना ०-६ हरल्यावर दुसऱ्यात स्ट्रासबर्ग दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर सुरुवातीला उतरला आणि आठव्या इनिंगमध्ये शर्झर रिलीव्हर म्हणून आला. तीन फलंदाज, तीन स्ट्राइकआउट. ४-२.

तिसऱ्या सामन्यात हाच डाव उलटला, आणि या भागाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सांचेझने पाच इनिंग सुरेख काढल्या, संघ २-१ ने पुढे. सहाव्या इनिंगसाठी मार्टिनेझने कॉर्बिनला आणलं. त्याला दोनच जण बाद करता आले आणि त्याच्या खात्यावर सहा धावा लागल्या. इनिंग संपेपर्यंत डॉजर्सनी सात काढल्या होत्या. सामना ४-१० असा गेला. स्टार्टरला मध्येच आणायचं म्हणजे ज्याला सावकाश तयार व्हायची सवय, त्याला अचानक, बेसवर माणसं असताना उभं करायचं. ते जमतंच असं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीही म्हणालं असतं, बास झाला हा प्रयोग. मार्टिनेझने तो सोडला नाही, आणि याचं कारण मला धैर्य वाटत नाही. दुसरा पर्याय ५.६६ चा होता.

चौथा सामना शर्झरने सात इनिंग काढून आणि झिमरमनने तीन धावांचा होमरन मारून ६-१ ने आणला. पाचवा ९ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये. स्ट्रासबर्गने दोन इनिंगमध्ये तीन धावा दिल्या, नंतर सहाव्यापर्यंत टिच्चून राहिला. नॅशनल्स १-३ ने मागे. आता डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने तेच केलं जे मार्टिनेझ करत होता: आपला सगळ्यात नावाजलेला स्टार्टर, क्लेटन कर्शॉ, सातव्या इनिंगमध्ये रिलीव्हर म्हणून आणला. त्याने इनिंग संपवली. रॉबर्ट्सने त्याला आठव्यातही ठेवला. रेंडोनचा होमरन, आणि पुढच्याच चेंडूवर सोटोचा होमरन. ३-३. दहाव्या इनिंगमध्ये केंड्रिकने जो केलीला ग्रँड स्लॅम मारला, बेस भरलेले असताना होमरन, एका फटक्यात चार धावा. ७-३.

एकाच आठवड्यात दोन्ही संघांनी स्टार्टरला रिलीव्हर केलं. कॉर्बिनचा सामना गेला तरी नॅशनल्सची मालिका राहिली, कर्शॉचा गेला आणि डॉजर्सची मालिकाच गेली. डावपेचाचं कौतुक करताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्धची मालिका लवकर आटोपते. ४-०. सांचेझने पहिल्या सामन्यात आठव्या इनिंगपर्यंत एकही हिट, म्हणजे फलंदाजाला बेसवर पोहोचवणारा फटका, दिला नाही, शर्झरने दुसऱ्यात सातव्यापर्यंत, स्ट्रासबर्गने तिसऱ्यात बारा स्ट्राइकआउट घेतले. चार सामन्यांत मिळून कार्डिनल्सच्या सहा धावा. मुलीच्या जन्मासाठी हडसन पहिल्या सामन्याला नव्हता, त्यावर काही महाभागांनी टीकाही केली. डूलिटलने तो सामना शांतपणे संपवला. मालिका १५ ऑक्टोबरला संपली आणि वर्ल्ड सिरीज २२ ला सुरू झाली. मधले सहा दिवस म्हणजे या संघाला हवं होतं तेच: हातांना विश्रांती.

ह्यूस्टन

ॲस्ट्रोजचे १०७ विजय होते. त्यांचा गेरिट कोल मेपासून एकही सामना हरलेला नव्हता. पहिल्या सामन्यात तो हरला, ५-४. शर्झरनंतर सहावी इनिंग पुन्हा कॉर्बिनने काढली. दुसऱ्यात जस्टिन व्हर्लँडर हरला, १२-३. मग वॉशिंग्टनमध्ये, जिथे १९३३ नंतर वर्ल्ड सिरीजचा सामनाच झाला नव्हता, नॅशनल्स तिन्ही सामने हरले: १-४, १-८, १-७. पाचव्याच्या दिवशी सकाळी शर्झरची मान आखडली. त्याला उजवा हात वर करता येईना, कपडे घालायला बायकोची मदत लागली. त्याच्या जागी जो रॉसला उभं करावं लागलं. झाकायला हात कमी पडला की काय होतं, याचा तो नमुना होता.

सहाव्या सामन्यात स्ट्रासबर्गने पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा दिल्या. कोणता चेंडू येणार ते हातमोज्याच्या हालचालीवरून कळतंय, असं मेनहार्टने त्याला सांगितलं. तेव्हापासून तो प्रत्येक चेंडूआधी हातमोजा हलवत राहिला आणि आठ इनिंग आणि एक बाद एवढं एकट्याने काढलं. सातव्या इनिंगमध्ये टर्नरला धावताना अडथळा आणल्याबद्दल बाद दिलं, मार्टिनेझ पंचांवर इतका भडकला की त्याला मैदानाबाहेर काढलं. सप्टेंबरमध्येच त्याच्या हृदयाची तपासणी झाली होती, त्यामुळे त्याला आवरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर वेगळीच काळजी होती. रेंडोनच्या होमरनने तो वाद निरर्थक केला. ७-२.

सातवा सामना, ३० ऑक्टोबर. मानेवर इंजेक्शन घेऊन शर्झर आला. पाच इनिंगमध्ये सात हिट, चार वॉक, बेसवर सतत माणसं, तरी धावा दोनच. समोर झॅक ग्रेन्की विलक्षण टाकत होता. सहा इनिंगनंतर ०-२. इथे दोन मॅनेजरांच्या विचारातला फरक अगदी उघडा पडतो. मार्टिनेझने मागे असतानाही कॉर्बिनला आणलं, चार दिवसांपूर्वी सुरुवात केलेल्या कॉर्बिनला. ॲस्ट्रोजच्या ए. जे. हिंचकडे बुलपेनमध्ये कोल होता, तीन दिवसांपूर्वी जिंकलेला. सातव्या इनिंगमध्ये रेंडोनने होमरन मारला, सोटोला वॉक मिळाला, आणि ऐंशी चेंडूंवर हिंचने ग्रेन्कीला काढलं. त्याने कोलला न आणता विल हॅरिसला आणलं. कोल आघाडी राखायला ठेवला होता, असं हिंचने नंतर सांगितलं. हॅरिसने खाली, बाहेरच्या कोपऱ्यात अगदी योग्य चेंडू टाकला आणि केंड्रिकने तो उजवीकडच्या खांबावर नेऊन आदळला. होमरन, ३-२. राखायला आघाडी उरली नाही आणि कोल त्या रात्री उतरलाच नाही. (हॅरिसला पुढच्या जानेवारीत नॅशनल्सनीच कराराने घेतलं.)

कॉर्बिनने तीन इनिंग काढल्या, धाव शून्य. नवव्यात हडसनने मायकेल ब्रँटलीला स्ट्राइकआउट केलं. ६-२. पूर्ण सामन्यात तीनच पिचर: शर्झर, कॉर्बिन, हडसन. स्ट्रासबर्ग मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले, असं वर्ल्ड सिरीजमध्ये आधी कधी झालं नव्हतं. हरलो तर संपलो अशा पाच सामन्यांत नॅशनल्स मागे पडले होते, आणि पाचही जिंकले.

वॉशिंग्टनच्या आधीच्या, १९२४ च्या विजयातही शेवटच्या सामन्यात एक स्टार्टरच मध्ये आला होता. छत्तीस वर्षांचा वॉल्टर जॉन्सन मालिकेतले दोन सामने हरून बसला होता. सातव्या सामन्यात तो ३-३ असताना नवव्या इनिंगमध्ये उतरला, चार इनिंग धाव दिली नाही, आणि बाराव्यात संघ जिंकला. तेव्हा बुलपेन ही कल्पनाच पुरती रुजली नव्हती. नॅशनल्सनी पंचाण्णव वर्षांनी केलं ते एका अर्थाने जुनंच.

दोन आठवड्यांनी ॲस्ट्रोजचं २०१७ मधलं इशारे चोरण्याचं, म्हणजे कोणता चेंडू येणार ते कॅचरच्या खुणांवरून हेरून फलंदाजाला कळवण्याचं, प्रकरण बाहेर आलं. नॅशनल्सना कुणकुण आधीच होती. त्यांनी पिचर-कॅचरचे इशारे सतत बदलत ठेवण्याची तयारी करूनच ह्यूस्टन गाठलं होतं. हिंचला जानेवारीत निलंबित केलं आणि क्लबने काढून टाकलं.

नंतरचं बिल

स्ट्रासबर्गने २०१९ मध्ये हंगामात २०९ इनिंग टाकल्या आणि प्लेऑफमध्ये ३६ हून थोड्या जास्त. एकूण २४५. २०१२ मध्ये त्याच हाताला १५९ वर थांबवलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये नॅशनल्सनी त्याला सात वर्षांचे साडेचोवीस कोटी डॉलर दिले. त्यानंतर तो मेजर लीगमध्ये एकूण आठ सामने खेळला. मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या नसांचा त्रास सुरू झाला, २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, हात परत आला नाही, आणि २०२४ मध्ये निवृत्तीची नोंद झाली. कॉर्बिनचा ईआरए २०१९ मध्ये ३.२५ होता, २०२२ मध्ये तो ६.३१ झाला आणि त्या वर्षी तो १९ सामने हरला.

हे सगळं त्या ऑक्टोबरमुळेच झालं असं कुणाला सिद्ध करता येणार नाही. स्ट्रासबर्गचं शरीर पहिल्या वर्षापासून कुरकुरत होतं. शिवाय शर्झर, वयाने मोठा, तितकाच ताणलेला, पुढे कित्येक वर्षं उत्तम खेळला. एकाच ओझ्याखालचे तीन हात तीन वेगळ्या वाटांनी गेले. तरी २०१२ चा निर्णय आणि २०१९ चा निर्णय शेजारी ठेवून पाहावेतच. जनरल मॅनेजर तोच, हातही तोच. २०१२ मध्ये रिझोला वाटत होतं की असे ऑक्टोबर अजून पुष्कळ येतील. २०१९ पर्यंत चार प्लेऑफ पहिल्याच मालिकेत संपलेले, हार्पर गेलेला, रेंडोनचा करार संपत आलेला. पुष्कळ येतील असं मानायला जागा राहिली नव्हती. माझ्या मते दोन्ही निर्णय त्या त्या वेळी बरोबर होते, आणि २०१२ च्या निर्णयाला जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या बसायला नको होत्या. तो सामना स्ट्रासबर्ग नसल्यामुळे गेला नाही, शेवटच्या एका बादसाठी बुलपेनमध्ये माणूस नसल्यामुळे गेला.

रेंडोन त्याच हिवाळ्यात एंजल्सकडे गेला. २०१९ च्या विजयाचा झेंडा २०२० मध्ये करोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये फडकला आणि साठ सामन्यांच्या छोट्या हंगामात नॅशनल्स २६-३४ राहिले. जुलै २०२१ मध्ये शर्झर आणि टर्नर डॉजर्सना दिले. पुढच्या उन्हाळ्यात सोटोने पंधरा वर्षांचे ४४ कोटी डॉलर नाकारले आणि त्याला सॅन डिएगोला पाठवलं. बदल्यात मॅकेन्झी गोर, सी. जे. एब्रम्स, जेम्स वुड असे तरुण आले. त्या वर्षी संघ १०७ सामने हरला. रिझो आणि मार्टिनेझ, दोघांनाही ६ जुलै २०२५ रोजी एकाच दिवशी काढलं. २०१९ नंतर २०२५ पर्यंत नॅशनल्सचा एकही हंगाम असा गेला नाही ज्यात विजय पराभवांहून जास्त होते.